नऊ किलोचे अठरा केक

उद्याच्या लग्नाचे १८ छोटे केक आत्ता आमच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या फ्रिजमध्ये बसलेत. पाय भरून आलेत, पण झोप येत नाहीये.

नवरीच्या आईंना प्रत्येक टेबलावर एक केक हवा होता. १८ टेबलं, टेबलाला ८ माणसं. जेवणात गुलाबजाम आहेतच, त्यामुळे माणशी ६० ग्रॅम पुरे. अर्ध्या किलोचे आठ तुकडे केले की बरोबर बसतं.

पैसे द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "एकूण नऊच किलो ना? मग किलोचाच भाव लावा की." किलोला मी ८०० घेते, अर्ध्याला ४५०. फरक ९०० रुपयांचा. वहीच दाखवली त्यांना. १८ बेस, १८ खोकी, ओव्हनमध्ये एका वेळी चारच टिन म्हणून पाच घाणे. आणि क्रीम! केक जितका लहान, तितकं किलोमागे क्रीम जास्त, आणि प्रत्येकाच्या कडा हातानेच गुळगुळीत करायच्या.

वही नीट वाचून त्यांनी विचारलं, "ताई, तुमची मजुरी कुठे आहे यात?"

नव्हतीच. चार वर्षांत मीच कधी लिहिली नव्हती. आज रात्री तो रकाना आखला.

पहाटे पाचला एसी गाडी येईल.