आठ दिवसांत गाडीने इटली?

विचारणारे बदलतात, निरोप तोच असतो. "ताई, आठ दिवसांची सुट्टी मिळालीये. गाडीच घेऊ म्हणतोय. मिलान, कोमो, व्हेनिस, डोलोमाइट्स, फ्लॉरेन्स, पिसा, टस्कनी, रोम आणि जमलं तर अमाल्फी. होईल ना?" मी मिलानजवळ राहते, त्यामुळे माझ्या हो-नाहीला उगाचच वजन आलंय. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते. होईल. फक्त त्या आठ दिवसांत तुम्हाला मुख्यतः टोलनाके, बोगदे आणि पुढच्या ट्रकची नंबरप्लेट दिसेल.

मिलान ते रोम जवळपास पावणेसहाशे किलोमीटर. गाडीने सहा तास, वेगवान रेल्वेने तीन. मिलानहून नेपल्सला जाणारा ए-वन महामार्ग १९६४ साली पूर्ण झाला. रस्ता उत्तम आहे, ताशी १३० किलोमीटरची मुभा आहे (पावसात ११०), पण तो माणसाला पोचवण्यासाठी बांधलाय. त्यावरून धावून इटली पाहिली म्हणणं म्हणजे एक्सप्रेसवेने पुण्याला जाऊन सह्याद्री पालथा घातला म्हणण्यासारखं आहे.

आणि सुट्टी आठ दिवसांची असली तरी हातात सहाच पडतात. पहिला दिवस विमान, इमिग्रेशन आणि झोपेत जातो, शेवटचा बॅगा भरण्यात. म्हणून माझं उत्तर वर्षानुवर्षं एकच आहे: शहरं रेल्वेने करा, गाडी मधल्या तीन-चार दिवसांसाठी घ्या आणि ते दिवस एकाच भागाला द्या. रोम ते फ्लॉरेन्स रेल्वेने दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन. स्टेशनं गावाच्या मध्यात आहेत. व्हेनिसमध्ये तर गाडी पियाझ्झाले रोमाच्या पुढे जातच नाही, ती तिथे उभी करायचे पैसे भरायचे आणि पायी निघायचं. चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या पाच गावांचंही तेच, ला स्पेझियाहून लोकल पकडावी.

शहरात गाडी नको म्हणते ते फक्त पार्किंगमुळे नाही. बहुतेक जुन्या शहरांचा मधला भाग म्हणजे झेडटीएल, ठरावीक वेळी फक्त परवानाधारक गाड्यांसाठी खुला. नाक्यावर माणूस नसतो, कॅमेरा असतो. पांढऱ्या गोल पाटीला लाल कड दिसली की सावध व्हायचं. खाली दिव्याच्या अक्षरांत 'वार्को आत्तीवो' लिहिलेलं असेल तर आपले लोक 'चालू आहे' म्हणजे रस्ता चालू आहे असं समजून आत घुसतात. चालू असतो तो कॅमेरा. नंतर कित्येक महिन्यांनी, तुम्ही ट्रिपचे फोटोही विसरलेले असता तेव्हा, घरी दंडाचं पाकीट येतं. त्याआधी गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने तुमचं नाव पोलिसांना कळवल्याचे पैसे कार्डावरून कापलेले असतात, ते वेगळेच. एका गल्लीतून जाऊन दुसऱ्या गल्लीतून बाहेर पडलात तर दोन पाकिटं. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर ते गाडीचा नंबर नोंदवू शकतात का, हे बुकिंग करतानाच विचारा. माझं ऐकाल तर कोटाबाहेर राहा.

आता कुठला एक भाग निवडायचा? यावर माझं मत पक्कं आहे आणि ते सगळ्यांना आवडत नाही. पहिलीच वेळ असेल आणि दिवस कमी असतील तर दक्षिण टस्कनी, म्हणजे सिएनाच्या खालचं वाल दोर्चा हे खोरं. अमाल्फीचे फोटो जास्त देखणे येतात हे मलाही माहीत आहे.

गाडी फ्लॉरेन्सच्या विमानतळावरून घ्या. शहरातून तिथपर्यंत ट्राम जाते, आणि विमानतळावरून निघालं की झेडटीएलच्या वाटेला जावं लागत नाही. सिएनाला थेट रस्त्याने सव्वा तास लागतो. दुसरा रस्ता म्हणजे कियांतीजाना, एसआर २२२, ग्रेवे, पान्झानो, कास्तेल्लिना अशी द्राक्षमळ्यांतली गावं घेत जाणारा. त्याला दुप्पट वेळ लागतो आणि तो द्यावा. वाटेत वाइन चाखायची असेल तर चालवणारा कोण हे सकाळीच ठरवा. इथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि तपासणी होते.

सिएनात गाडी बाहेर लावून नगरभवनात जा. तिथे आंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेलं भित्तिचित्र आहे: राज्य चांगलं चाललं की शहरात आणि शेतात काय दिसतं, राज्य बिघडलं की काय. एका बाजूला नांगरलेल्या टेकड्या, ओळीत लावलेले वेल, माल घेऊन निघालेले लोक. दुसऱ्या दिवशी तुम्ही ज्या खोऱ्यातून गाडी चालवणार ते सिएनाच्या सत्तेखालचं. नंतरच्या काळात तिथली जमीन अशाच सुशासनाच्या कल्पनेने आखली गेली. युनेस्कोने २००४ साली वाल दोर्चाला जागतिक वारसा ठरवलं ते या आखीवपणामुळे. 'किती नैसर्गिक सौंदर्य!' असं कोणी म्हटलं की म्हणूनच मला हसू येतं. तिथलं एकेक सुरूचं झाड कोणीतरी ठरवून लावलंय.

सिएनाहून दक्षिणेला जुना कासिया रस्ता धरायचा, सान क्विरिकोला पोचायचं आणि तिथून एसपी १४६ ने पिएन्झा आणि मोन्तेपुल्चानोकडे वळायचं. हा तुकडा पंचवीस किलोमीटरचासुद्धा नाही. त्याला अर्धा दिवस द्या. रस्त्याला कडेची पट्टी जवळजवळ नाही, त्यामुळे मनात येईल तिथे ब्रेक मारून फोटो काढता येत नाहीत, थांबायची रुंद जागा दिसली की आधीच वेग कमी करावा लागतो. पिएन्झा हे पोप दुसरा पायस याचं जन्मगाव. १४५९ पासून त्याने ते नव्याने बांधून घेतलं, आदर्श नगर म्हणून. गाव पायी पाऊण तासात संपतं, पण पेकोरिनो चीजच्या दुकानांत जास्त वेळ जातो. बान्यो विन्योनीत गावच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचा मोठा हौद आहे. त्यात उतरायला मनाई आहे हे आधीच सांगते, कारण आपल्याकडचा माणूस कुंड दिसलं की टॉवेल शोधतो.

खाण्याचं वेळापत्रक मात्र पाळा. गावांतली स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि रात्री साडेसातच्या आत उघडत नाहीत. चार वाजता भूक लागली तर सँडविच. शाकाहारी मंडळींनी पिची ही तिथली जाड, हाताने वळलेली पास्ता मागवावी, लसूण-टोमॅटोच्या रश्श्यातली, आलिओने नावाची. आपल्या जिभेला ती लगेच पटते. तिन्ही रात्री एकाच आग्रितुरिज्मोत काढा, म्हणजे शेतावरच्या घरात. रोज बॅगा डिकीत कोंबण्यात सकाळ घालवणारे लोक पाहिले की मला त्यांच्या सुट्टीची कीव येते. अशा घराकडे जाणारा शेवटचा पट्टा बहुधा कच्च्या पांढऱ्या खडीचा असतो, आणि गाडीच्या विम्यात टायर, काचा आणि तळ अनेकदा धरलेले नसतात. कागद सहीआधी वाचा.

इथूनच एक वाट वाकडी करा असं मी मराठी माणसांना आग्रहाने सांगते. कोर्तोनावरून पूर्वेला गेलं की पिएन्झाहून साधारण दोन तासांत उंब्रियातलं मोन्तोने लागतं, वरच्या टायबर खोऱ्यातलं टेकडीवरचं छोटं गाव. १० जुलै १९४४ रोजी या परिसरात नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. मराठा लाइट इन्फंट्रीचे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोनेत २०२३ साली त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं. माणगावातला त्यांचा पुतळा मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या अनेकांना माहीत असतो, त्यांनी कोणत्या डोंगरात जीव दिला हे सहसा माहीत नसतं.

डोंगरच हवे असतील तर टस्कनी सोडा आणि व्हेनिसहून गाडी घेऊन डोलोमाइट्सला जा. दोन्ही एकाच आठवड्यात नको. बोल्झानो ते कोर्तिना हा १९०९ साली खुला झालेला रस्ता सुमारे ११० किलोमीटरचा आहे. वाटेत पोर्दोईची खिंड २,२३९ मीटरवर, फाल्झारेगोची २,१०५ वर. अराब्बाकडून पोर्दोई चढताना ३३ वळणं, आणि सायकलवाले आपल्या गतीने त्याच रस्त्यावर. घाटाचा नियम आपल्यासारखाच: अडचणीच्या जागी उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची. स्टेल्व्हिओचा घाट वेगळ्या दिशेला आहे, २,७५७ मीटरवर, आणि साधारण जूनच्या आधी बर्फामुळे बंद असतो. मेच्या सुट्टीत येणाऱ्यांनी त्याचं नाव काढू नये.

अमाल्फीबद्दल थोडक्यात. एसएस १६३ हा तिथला समुद्रकाठचा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता सुंदर आहे, पण चालवणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. समोरून बस आली की नजर आरशावर, समुद्र बाकीच्यांनी पाहायचा. हंगामात सम-विषम नंबरप्लेटचा नियमही असतो. सालेर्नोहून बोटीने जा. बसनेच जायचं असेल तर सोर्रेंतोहून जाताना उजवीकडची खिडकी धरा.

महिना कोणता, यावर सगळं अवलंबून आहे आणि आपल्या सुट्ट्या दोनच, मे आणि दिवाळी. मेमध्ये वाल दोर्चा हिरवंगार असतं, मध्येच पॉपीची लाल फुलं, रात्री साडेआठपर्यंत उजेड. दिवाळीत द्राक्षमळे पिवळे-तांबडे झालेले असतात, नवं ऑलिव्ह तेल आलेलं असतं, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि पाचच्या सुमारास अंधार पडतो. तेव्हा किलोमीटर मोजू नका, उजेडाचे तास मोजा. १५ नोव्हेंबरपासून बऱ्याच रस्त्यांवर बर्फाचे टायर किंवा साखळ्या सक्तीच्या होतात. ऑगस्टच्या मध्यात येऊ नका, तेव्हा सगळी इटली समुद्राकडे निघालेली असते.

बाकी किरकोळ. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, मूळ परवानाही सोबत ठेवा. ऑटोमॅटिक गाडी आवर्जून मागावी लागते, नाहीतर गिअरची मिळते आणि गिअर उजव्या हाताला. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. टोलनाक्यावर टेलेपासवाल्यांची (म्हणजे तिथल्या फास्टॅगची) पिवळी रांग टाळा, कार्डाची निळी धरा. पार्किंगच्या रेषा पांढऱ्या असतील तर फुकट, निळ्या असतील तर पैसे, पिवळ्या असतील तर पुढे चला. पंपावर डिझेलला गासोलिओ म्हणतात, पेट्रोलला बेन्झिना. माणसाने भरून दिलं तर महाग पडतं, स्वतः भरा. आणि गाडी परत द्यायची ती विमानाच्या दिवशी सकाळी नको, आदल्या संध्याकाळी द्या, रात्र स्टेशनजवळ काढा. विमानतळावर रेल्वे जाते.