आमची वाटचाल: हातात धरवेल असा कप

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या भाड्याच्या शेडमध्ये आम्ही दोघा भावांनी कपाचं पहिलं मशीन बसवलं, तेव्हा एकच माल निघायचा: एकेरी भिंतीचा साधा पेपर कप. राजवाड्याजवळचे एक चहावाले आमचं पहिलं गिऱ्हाईक. एकदा त्यांच्या ठेल्यावर गेलो, तर ते प्रत्येकाला कपात कप घालून चहा देत होते. म्हणाले, "भिया, हाथ जलता है." मला फार लागलं ते.

वाटलं, कागद जाड करू. १७० जीएसएमवरून (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) २१० वर गेलो. खर्च वाढला, चटका तसाच. ताजा चहा ८० अंशांच्या आसपास असतो आणि कातडी ४५ च्या जवळ तापली की दुखू लागते. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ कागद जरासा जाड करून हे अंतर कसं भरणार?

खरं काम हवा करते. रिपल कपाला बाहेरून नालीदार कागदाचं वेष्टण असतं. त्या उभ्या नाल्यांत हवा कोंडून राहते, आणि कोंडलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश जाते. शिवाय बोटं नुसत्या उंचवट्यांवर टेकतात. थंडीत एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ पांघरुणं ऊब देतात, तसंच हे.

तरी पहिला रिपलचा लॉट परत आला: कप गरमच लागतो. भावाने ब्लेडने एक कप उभा चिरला. सगळ्या नाल्या दबून आतल्या भिंतीला सपाट चिकटलेल्या! वेष्टण चिकटवताना आम्हीच दाब जास्त ठेवला होता. म्हणजे हवेला जागाच उरली नव्हती. लॉट रद्दीत गेला. तेव्हापासून रोज पहिला कप चिरून बघतो, दुसऱ्यात उकळतं पाणी भरून स्वतः हातात धरतो.

१ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या कपांवर बंदी आली आणि मागणी वाढली. पण आमच्या कपातही आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, त्याशिवाय चहा कागदात मुरेल. हे आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

आणखी एक सांगतो: दोन घोटांच्या चहासाठी रिपल घेऊ नका, उगाच महाग पडतो. कॉफी, सूप, थंडीतलं कढईचं दूध, जे हातात धरून सावकाश प्यायचं, त्यासाठी घ्या. ते चहावालेही आता दुधासाठीच नेतात.