कास्टिंग शिरोलीचं, चाचणी आमची

आम्ही कडबाकुट्टी यंत्रं बनवतो, पण आमच्या शेडमध्ये ना भट्टी आहे ना लेथ. नवीन धंदा काढलेली मुलं बघायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग तुम्ही बनवता काय?"

फ्लायव्हीलचं, म्हणजे जड चाकाचं, कास्टिंग (ओतकाम) शिरोलीच्या फाउंड्रीत होतं. त्याचं बोअर (शाफ्टचं भोक) आणि की-वे (चावी बसायची खाच) कोल्हापुरात उद्यमनगरात. पाती हार्डनिंगला जातात, फ्रेम आणि पावडर कोटिंग गोकुळ शिरगावात, मोटर विकतची. आमच्याकडे जोडणी, बॅलन्सिंग आणि चाचणी. प्रत्येक यंत्रात ओला मका आणि वाळका कडबा, दोन्ही घालून बघतो. चाचणीसुद्धा बाहेर द्या, मजुरी वाचेल, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. ती मी देणार नाही. या यंत्राच्या तोंडाशी रोज दोन वेळा कुणाचा तरी हात जातो, बहुतेक वेळा घरातल्या बाईचा. गार्ड घट्ट बसलंय का, रिव्हर्सचा दांडा एका झटक्यात पडतो का, हे माझ्या माणसानं माझ्यासमोर बघितलेलं असलं पाहिजे.

तेव्हा काय बाहेर द्यायचं हे ठरवताना नुसता दर बघू नका. माल बिघडला तर कुणाला इजा होईल, ते आधी बघा.

दुसरी गोष्ट कागदांची. ड्रॉइंग बाहेरच्या डिझायनरकडून करून घेताना बहुतेक जण पैसे देतात, फाइल घेतात आणि विषय संपला असं समजतात. कॉपीराइट कायदा (1957) असं म्हणत नाही. पगारी नोकरानं कामाचा भाग म्हणून केलेल्या ड्रॉइंगचा हक्क साधारणपणे मालकाचा. बाहेरच्या माणसानं केलेल्या ड्रॉइंगचा हक्क लेखी करून घेतला नाही तर तो त्याचाच राहतो. लेखी घेतानाही मुदत लिहा; लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षंच धरतो. सॉफ्टवेअर करून घेणाऱ्यांना तर हे जास्तच लागू आहे, कारण त्यांचा सगळा धंदाच त्या कोडमध्ये असतो.

पॅटर्नचंही तसंच, म्हणजे ज्या नमुन्यावरून कास्टिंगचा साचा घेतात त्याचं. पैसे आपण भरले असतील तर पॅटर्न आपला, हे पहिल्याच पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहा आणि पॅटर्नवर नाव कोरून घ्या. बोअरचे गो-नो गो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारं साधन) दोन करून घ्या, एक मशीनिंगच्या शॉपला द्या, एक आपल्याकडे ठेवा. रिजेक्शनवरून होणारी निम्मी भांडणं मापाच्या साधनांतल्या फरकामुळे असतात.

कास्टिंग मशीनिंगला पाठवताना डिलिव्हरी चलन न चुकता करा. जीएसटीत जॉबवर्कला, म्हणजे आपला माल देऊन बाहेर करून घ्यायच्या कामाला, पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवशीच तो पुरवला असं धरून कर लागतो. जिग, फिक्स्चर आणि डाय या कामाच्या साधनांना ही मुदत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पेमेंट. जॉबवर्कवाला मेस्त्री म्हणजे दोन मशीन, तीन माणसं आणि बँकेचा हप्ता. त्याचे पैसे अडकवून आपला माल वाढवणं ही वाढ नाही, ते त्याच्याकडून घेतलेलं बिनव्याजी कर्ज आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना करारात काहीही लिहिलं असलं तरी 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. 2023-24 पासून तर मुदत चुकलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी प्राप्तिकरात खर्च म्हणून धरली जाते. कायद्याचा धाक राहू द्या बाजूला. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळूची काढणी होते, कडबा घरात येतो आणि आमच्या ऑर्डरी एकदम चढतात. त्या दिवसांत प्रत्येक शॉपवर रांग असते. रांगेत आमचं काम पुढे घेतलं जातं ते वेळेवर मिळालेल्या पैशांमुळे.

ऑर्डरी वाढल्या म्हणून लगेच कर्ज काढून व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशीनिंगचं यंत्र) घेऊ नका. स्वतःच्या कामावर ते दोन पाळ्या चालेल का, हे आधी कागदावर मांडा. त्याआधी त्याच भागाला दुसरी फाउंड्री, दुसरं शॉप तयार करा, थोडं काम नियमित देऊन. ऐनवेळी दार वाजवलं तर कुणी ओळख देत नाही.

आमच्याकडे सध्या की-वेचं काम आत आणायचा हिशेब चालू आहे. उद्यमनगरातल्या मेस्त्रींना ते आधीच सांगितलंय, कारण आमच्या कामाच्या भरवशावर त्यांनी दुसरा लेथ घेतलाय. की-वे आत आला तरी त्या लेथचे हप्ते फिटेपर्यंत बोअरिंग त्यांच्याकडेच राहील, असं आम्ही दोघांनी लिहून ठेवलंय.