‘आधीही बदललं होतंच की हवामान!’

प्रश्न साधारण असा येतो: "मॅडम, पृथ्वीचं हवामान तर कोट्यवधी वर्षं बदलतंच आलंय. समुद्रातले जीव तेव्हाही तगले. मग आताच एवढा गहजब कशाला?" नेरुळच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर हा प्रश्न येतो, कॉलेजात बोलायला गेले की पोरं विचारतात, आणि आमचे भाऊजी जेवायला आले की हमखास विचारतात, तेही तळलेलं पापलेट ताटात पडल्यावर.

माझ्याकडे हा प्रश्न येतो त्याला कारण आहे. मी निवृत्त झाले ती तेलाच्या नोकरीतून. समुद्रात विहीर खणताना दगडाचा चुरा वर येतो, त्याला आम्ही कटिंग्ज म्हणतो. त्या चुऱ्यातले सूक्ष्म जीवाश्म ओळखायचे आणि ड्रिलिंगवाल्यांना सांगायचं, की बाबांनो, तुम्ही आता अमुक काळाच्या थरात पोचलात. उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

तगले हे खरंच आहे. समुद्र साफ निर्जीव कधीच झाला नाही. पण रीडेव्हलपमेंट झालेल्या इमारतीकडे बोट दाखवून ‘सोसायटी आहे की जागेवर’ म्हणावं, तसं हे उत्तर आहे. जुने भाडेकरू कुठे गेले, ते कोणी विचारत नाही. माझं सगळं काम त्या भाडेकरूंच्या यादीचं.

यादी ठेवतात ते फोरामिनिफेरा. आम्ही फोराम्स म्हणतो. एका पेशीचा जीव, पण अंगाभोवती बहुधा चुन्याचं कवच बांधतो. ऐरोलीच्या बाजूला खाडीतला चमचाभर चिखल घ्या, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाखाली धुवा, वाळवा आणि काळ्या ट्रेमध्ये पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. वाळूचे कण, शिंपल्यांचे तुकडे, सडक्या काड्या, आणि मधूनच एखादी इवलीशी वेटोळी, कप्प्याकप्प्यांची, मागची बाजू किंचित फुगीर. सगळ्यात बारीक ब्रशचं टोक ओलं करून ती उचलायची. श्वास जोरात सोडलात तर उडून जाते. चिखल ताजा असताना रोझ बेंगॉल नावाचा रंग घातला असेल तर नमुना घेताना जिवंत असलेले फोराम गुलाबी दिसतात, आधीच मेलेले पांढरे. आपल्या खाडीत बहुतेक वेळा हाती लागते ती ‘अमोनिया’ नावाची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट. त्या वायूशी तिचा संबंध नाही, खाडीच्या वासावरून तसं वाटलं तरी. गोड-खारं पाणी, कमी प्राणवायू, सांडपाणी, काहीही चालवून घेणारी आहे. नाजूक फोराम्सना हे जमत नाही.

फोरामचं कवच तापमानाचीही नोंद ठेवतं. पाण्यात जड आणि हलका असे दोन्ही प्रकारचे ऑक्सिजन अणू असतात. पाणी गार असेल तर कवचात जड ऑक्सिजनचं प्रमाण थोडं वाढतं. शिवाय हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकून पडतो, म्हणून समुद्राच्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. १९५५ साली सेझारे एमिलियानी यांनी समुद्रतळाच्या गाळातल्या फोराम्सवरून हिमयुगांचे चढउतार काढून दाखवले. तेव्हापासून आमच्या या किड्यामुंग्यांना हवामानशास्त्रात मान आला.

आता ५.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट, कारण भाऊजींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. १९९१ साली केनेट आणि स्टॉट या संशोधकांनी अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातल्या एका कोअरमध्ये, म्हणजे तळातून उपसून काढलेल्या गाळाच्या लांब नळकांड्यात, एक विचित्र पट्टा दाखवला. त्या पट्ट्याच्या काळात हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन आला होता, आणि पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली होती. पुढे इतर महासागरांतल्या कोअरमध्येही तो पट्टा सापडला. खोल समुद्राच्या कोअरमध्ये तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो: पांढरट चुनखडी अचानक थांबते आणि तांबूस चिकणमाती लागते. पाण्याची आम्लता इतकी वाढली होती, की तळावर पडणारी कवचं विरघळून जात होती.

त्या वेळी खोल तळावर राहणाऱ्या फोराम्सच्या ३० ते ५० टक्के जाती नाहीशा झाल्या. हेच तळवासी त्याच्या एक कोटी वर्षं आधी, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर आणि अमोनाइट (वेटोळ्या कवचाचे समुद्री जीव) संपवणाऱ्या उल्कापातातून जवळजवळ सहीसलामत सुटले होते. त्या आघातात वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या फोराम्सच्या ९० टक्क्यांहून जास्त जाती गेल्या होत्या. आणि ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या तापात? तरंगणाऱ्यांपैकी बरेच जण ध्रुवांकडे सरकले आणि निभावले. म्हणजे एका संकटात जो पैलवान, तो पुढच्यात चीत. मला विचाराल तर या एवढ्याशा तपशिलात ‘आधी तगले म्हणजे आताही तगतील’ या म्हणण्याची हवा निघते.

ताप ओसरल्यावरही हवामान बराच काळ उबदारच होतं. उथळ, स्वच्छ, कोमट समुद्रात प्रवाळांची पीछेहाट झाली होती आणि मोठे फोराम्स माजले. त्यांतला नम्युलाइट म्हणजे चक्क नाणं: एकच पेशी, पण कवच काही जातींत रुपयाएवढं, काहींत त्याहून मोठं. अंगात शेवाळ पाळायचं आणि उन्हावर पोट भरायचं. पिरॅमिडच्या दगडांत ठासून भरलेले आहेत ते हेच. एवढ्या लांब जायलाही नको. वसईच्या जुन्या नावाने ओळखलं जाणारं ‘बसीन’ हे वायुक्षेत्र आपल्याच किनाऱ्यासमोर आहे, आणि तिथला गॅस ज्या इओसीन काळातल्या (५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडीत साठलाय, तीत हे नम्युलाइट आहेत. पुढे, सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी, अंटार्क्टिकावर बर्फाची मोठी चादर बसली, समुद्र गार झाला, पातळी उतरली. त्यानंतरच्या ऑलिगोसीन काळात नम्युलाइटांचा थाट संपला. मुंबई हायच्या मायोसीन, म्हणजे त्याच्याही पुढच्या काळातल्या चुनखडीत, जिचं तेल उरणला पाइपने येतं, नम्युलाइटांच्या जागी मायोजिप्सिनासारखे वेगळेच फोराम्स दिसतात. समुद्र तोच, उथळ पाणी तेच, गावकरी नवे. उष्णतेने आणलेल्यांना गारठ्याने नेलं. नुसता ताप वाईट आणि थंडी चांगली, असा हा हिशेबच नाही. ४४.५ कोटी वर्षांपूर्वी तर हिमनद्या वाढल्या म्हणूनच समुद्रातल्या बहुसंख्य जाती संपल्या.

मग तगतं कोण? २०२४ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत एक मोठा अभ्यास आला. ४८.५ कोटी वर्षांतले २ लाख ९० हजारांवर जीवाश्म, ९,२०० हून जास्त प्रजाती. ज्यांचा प्रदेश लहान होता, त्या सगळ्यात जास्त गेल्या. छोट्या देहाच्यांनाही धोका जास्त होता. ज्यांना तापमानाच्या अरुंद पट्ट्यातच राहता येतं, त्यांचीही तीच गत. आणि हवामान सात अंशांहून अधिक बदललं, मग ते वर असो वा खाली, की धोका आणखी चढायचा. थोडक्यात, पसरायला जागा आणि जुळवून घ्यायला वेळ.

वेळेचं बघा. ५.६ कोटी वर्षांपूर्वी कार्बन हवेत आला तो हजारो वर्षं, वर्षाला जेमतेम १.१ अब्ज टन या वेगाने, त्याहून जास्त नाही. आज आपण वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बन सोडतो. कट्ट्यावर हा आकडा सांगितला की लोक जरा गप्प होतात, मग कोणीतरी चीनचं नाव घेतं.

आणि जागेचं बघायचं तर नकाशा उघडा. पाणी तापलं की मासा गार पाण्याकडे, म्हणजे आपल्याकडे उत्तरेला, नाहीतर खोलात सरकतो. तारली एकेकाळी मुख्यतः केरळ-कर्नाटकची. गेल्या काही दशकांत ती उत्तरेकडे पसरल्याचं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलंय. बांगडाही तसाच, शिवाय थोडा खोलात उतरलेला. अटलांटिकच्या माशाला नॉर्वेपर्यंत वाट मोकळी आहे. अरबी समुद्राच्या माशाला वर गुजरात, त्यापुढे कराचीचा किनारा, आणि मग सरळ आशिया. खोलात जावं तर साधारण १५० मीटरच्या खाली प्राणवायू अगदीच कमी असलेला थर, जगातल्या सगळ्यात जाड अशा थरांपैकी एक. वरून ऊन, खालून गुदमर, समोर भिंत. भाऊजींना मी हेच दाखवते, फोनवर नकाशा काढून.

एक सांगायला हवं, कारण हल्ली बाजारात मासळी कमी आली की सगळेच ‘ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणून मोकळे होतात. पापलेट घटलं म्हणून २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केलं, आणि ती घट काही नुसत्या तापमानामुळे नाही. हाताच्या पंजापेक्षा लहान पिल्लं जाळ्यात येतात आणि आपण ती ‘छोटी पापलेटं’ म्हणून कौतुकाने विकत घेतो. दिवाळे गावच्या कोळणी हे माझ्यापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगतात, ते इथे छापण्यासारखे नाहीत. जुन्या समुद्रांवर हवामानाचं संकट आलं तेव्हा निदान ट्रॉलर नव्हते.

उरला बोंबील, कारण शेवटी गाडी तिथेच येते. त्यासाठी आधी काश्मीरला जावं लागेल. श्रीनगरजवळ खुनमोहला गुरयुल नावाची दरी आहे. तिच्या थरांत २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा, पर्मियन नावाच्या कालखंडाचा शेवट दिसतो, समुद्रातल्या ८० टक्क्यांहून जास्त जाती गेल्या ती वेळ. सैबेरियात प्रचंड लाव्हा ओतला गेला, उष्ण कटिबंधातला समुद्र दहाएक अंशांनी तापला आणि पाण्यातला प्राणवायू घटला. त्यानंतरच्या थरांत ‘क्लॅराइया’ नावाचा पातळ कवचाचा शिंपला लागतो. फारसा देखणा नाही, पण कमी प्राणवायूत निभावणारा. इतर बरेच गेल्यावर त्याचीच चलती झाली. प्रवाळ परत दिसू लागले ते काही दशलक्ष वर्षांनी, आणि तेही जुन्या घराण्यातले नव्हेत.

बोंबलाच्या अंगात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. देह भोंगळ, हालचाल मंद, त्यामुळे प्राणवायूची गरजही कमी. चीनच्या किनाऱ्यावर प्राणवायू घटलेल्या पाण्यात बोंबील खूप वाढल्याचं संशोधकांनी नोंदवलंय. तिथे त्याच्या आधी दुसऱ्या माशांची चलती होती. तेव्हा बोंबील तगेल का, असं विचाराल तर माझा कौल ‘हो’ असा आहे. त्याच्या बाजूला टोपलीत आणखी काय असेल, ते मात्र आपण किती वेगाने कार्बन सोडतो आणि किती लहान पिल्लं विकत घेतो, यावर आहे.