घरी येणारा मानसशास्त्रज्ञ नेमकं काय पाहतो

प्रश्नावली काढण्याआधी ज्येष्ठांच्या श्रवणयंत्राची बॅटरी आणि चष्मा तपासावा. नीट ऐकू न आल्यामुळे चुकलेली उत्तरं सर्रास विस्मरणाच्या खात्यात टाकली जातात. मग ज्येष्ठांशी एकट्यानेच बोलायचं. घरचे शेजारी बसले की उत्तरंही तेच देतात.

नैराश्यासाठी १५ प्रश्नांची ‘जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल’ आहे, उत्तरं फक्त हो किंवा नाही. गुण ५ च्या वर गेले तर सखोल तपासणी हवी. ही चाळणी आहे, निदान नव्हे. उतारवयातलं नैराश्य बऱ्याचदा रडण्यातून दिसतच नाही. जेवण अर्ध्यावर सोडणं, सतत अंगदुखी, पहाटे लवकर येणारी जाग, ‘मला काही नको’ हे पालुपद, यांकडे लक्ष द्या. वयच झालंय म्हणून सोडून देऊ नका, कृपा करून.

गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर समुपदेशन बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवं औषध यांमुळे डिलिरियम, म्हणजे अचानक येणारी संभ्रमावस्था, होऊ शकतो.

उपचाराची सुरुवात छोट्या कामाने होते: ठरलेल्या वेळी दहा मिनिटं कुंड्यांना पाणी, तक्त्यावर खूण. प्रेमापोटी सगळी कामं काढून घेतली की माणूस आणखी खचतो. आणि प्रत्येक भेटीत, काळजी घेणाऱ्याची झोप किती झाली तेही विचारायचं.