लाटणं आणि रबर

स्वयंपाकघरातून लाटणं पळवताना पकडला गेलो की माझं उत्तर ठरलेलं असतं, "पाच मिनिटांत आणून देतो." कणकेत बुडालेले हात वर न काढताच बायको म्हणते, "ते जुनं वाकडं घे, हे नको." आता वाकड्या लाटण्याने टेबल टेनिसचं रबर चिकटवता येत नाही, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? ब्लेड, म्हणजे बॅटचं लाकूड, आणि रबर यांच्यामध्ये हवा राहिली की फुगा येतो, आणि बॉल बरोब्बर त्या फुग्यावरच बसतो.

ज्यांनी आयुष्यात फक्त दुकानातली तयार बॅट घेतली, ते सुखी लोक. आमच्यासारख्या मधल्या लोकांचे हाल असतात. स्पर्धा खेळण्याइतके आम्ही चांगले नसतो, आणि तयार बॅटवर समाधान मानण्याइतके शहाणेही नसतो. मग लाकडी ब्लेड वेगळी घ्यायची, फोरहँडचं रबर वेगळं, बॅकहँडचं वेगळं. रबर म्हणजे तरी काय, वर एक पातळ चादर, तिच्या आतल्या अंगाला बारीक दाणे, आणि दाण्यांखाली स्पंज. गोंदासकट सगळी जाडी ४ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. एवढ्याशा जाडीसाठी माणूस बाराशे रुपयेही देतो आणि साडेपाच हजारही.

बाराशेच्या गटात मी पंधरा वर्षं सुखाने नांदत होतो. चीनमधल्या तिआनजिनहून येणारं फ्रेंडशिप कंपनीचं ७२९, त्यातलंच एखादं. चिनी रबरांची खूण म्हणजे चिकटपणा. वरचं प्लास्टिक सोलायचं, बॉल रबरावर दाबायचा आणि बॅट उलटी करायची. बॉल क्षणभर लटकतो, मग विचार बदलल्यासारखा पडतो. क्लबात कोणी नवीन चिनी रबर आणलं की हा प्रयोग सगळ्यांनी एकेकदा करून पाहायचा असतो. त्याने खेळ सुधारत नाही, पण बरं वाटतं.

मात्र या रबरात स्वतःची उसळी बेताची. बॉल पलीकडे जोरात जायला हवा असेल तर खांदा, कंबर, पाय सगळं तुमचंच. जपानी आणि जर्मन रबरं हे काम तुमच्या वतीने करतात, आणि पैसे त्याचेच असतात. पूर्वी हीच उसळी गोंदातून यायची. सामन्याआधी खेळाडू स्पीड ग्लू लावायचे, त्याच्या वाफांनी स्पंज फुगायचा, आणि फटक्याला असा काही खणखणीत आवाज यायचा की बघणाऱ्यालाच हुरूप यावा. त्या वाफा आरोग्याला घातक, म्हणून २००८ मध्ये त्यावर बंदी आली. त्याच साली बटरफ्लाय या जपानी कंपनीचं टेनर्जी रबर बाजारात उतरलं, उसळी स्पंजातच भरलेलं. तेव्हापासून क्लबात 'टेनर्जी' हा शब्द लोक जरा आवाज खाली करूनच उच्चारतात.

तसं चिनी म्हणजे स्वस्त हेही खरं नाही. हरिकेन ३ नावाचं एकच रबर साध्या, प्रांतीय आणि राष्ट्रीय संघाच्या अशा वेगवेगळ्या दर्जांत मिळतं. दिसायला बरंचसं सारखं, नाव तेच, किंमत मात्र कितीतरी पट. म्हणजे हापूस म्हणून पेटी घ्यायची आणि कुठला हापूस हे आंबेवाल्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, तसला प्रकार.

मुळात बॅटवर स्पंज आला त्या गोष्टीला आपलं मुंबई शहर साक्षी आहे. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली होती. तोवर बॅटला नुसतं दाणेदार रबर असायचं आणि बॉल टकटक वाजायचा. त्या आवाजावरून समोरच्याने किती जोर लावलाय याचा अंदाज खेळाडू बांधत. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. आवाजच नाही! भल्याभल्यांचे अंदाज चुकले आणि पुरुष एकेरीचं विजेतेपद तो जपानला घेऊन गेला. त्यावर बरीच वर्षं भांडणं झाली, आणि १९५९ मध्ये नुसत्या स्पंजाला मनाई होऊन तो ४ मिलिमीटरचा हिशेब ठरला. लाटणं फिरवताना मला दर वेळी सातो आठवतो. त्याने स्पंज कशाने दाबून बसवला असेल कोण जाणे.

तर यंदा पन्नाशीच्या निमित्ताने टेनर्जी घ्यायचं ठरवलं, दोन्ही बाजूंना. ठरवायला दीड महिना लागला. रबर साधारण ऐंशी तास चांगलं चालेल असं धरलं, तर एका बाजूचे तासाला सत्तरेक रुपये पडत होते आणि जुन्याचे पंधरा. हा हिशेब मी कागदावर तीनदा केला, आणि तीनदा केल्यावर उरलेला फरक म्हणजे एक वडापाव आणि चहा, असं स्वतःला पटवलं. दोन बाजू म्हणजे दोन वडापाव, हे सोयीस्कर विसरलो.

चिकटवण्याचा सोहळा मात्र मला आजही आवडतो. पाण्याचा गोंद दुधासारखा पांढरा असतो. ब्लेडवर आणि स्पंजावर पातळ थर द्यायचा आणि वाट बघायची. हळूहळू पांढरा रंग उडतो, कडा आधी, मधला भाग शेवटी. पूर्ण पारदर्शक झाला की मुठीच्या बाजूने रबर टेकवायचं आणि लाटणं फिरवत वर न्यायचं, ओढायचं नाही. मग बॅट पालथी ठेवून कात्रीने कडेकडेने कापायचं. साडेपाच हजारांच्या चौकोनाचे चार कोपरे कचऱ्यात जाताना पोटात कालवतं. मी ते कोपरे आठवडाभर खणात ठेवले होते.

पहिल्या संध्याकाळी माझे टॉपस्पिन असे गेले की दोन पोरं खेळ थांबवून बघायला लागली. दुसऱ्या संध्याकाळी काका आले.

काका बँकेतून निवृत्त झाले त्यालाही आता आठ वर्षं झाली. त्यांच्या बॅटवरची रबरं कोणत्या कंपनीची हे सांगता येत नाही, कारण त्यावरची अक्षरं पुसली गेलीत. वरची चादर गुळगुळीत होऊन काचेसारखी चमकते. अशा मेलेल्या रबराला समोरच्याच्या फिरकीचं काही सोयरसुतक नसतं. तुम्ही जीव तोडून स्पिन मारा, बॉल तिथे घसरतो, रबर त्याला पकडतच नाही, आणि तुमचीच फिरकी उलटी होऊन तुमच्याकडे परत येते. माझं नवं रबर याच्या नेमकं उलट. त्याची पकड जबर, म्हणजे माझा स्पिन चांगला लागणार हे खरं, पण काकांनी सर्व्हिसला दिलेला प्रत्येक वळसाही ते तितक्याच भक्तिभावाने ऐकणार. बॉल नुसता टेकला तरी उडायचा, कधी माझ्याच डोक्यावरून, कधी शेजारच्या टेबलावर. ११-४, ११-६, ११-३.

हरण्याचं दुःख नव्हतं, सवय आहे. पण पूर्वी हरल्यावर बॅटकडे बघून "रबर गेलंय" म्हणता यायचं. आमच्या क्लबात हे वाक्य रोज निदान तीन जण म्हणतात आणि बाकीचे समजूतदारपणे माना हलवतात. त्या दिवशी मी सवयीने बॅटकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. बाराशेच्या रबराची ही सोय मी पंधरा वर्षं फुकट वापरत होतो.

शेवटी तडजोड केली. बॅकहँडचं टेनर्जी हलक्या हाताने सोलून मुलाच्या बॅटला लावलं आणि तिथे पुन्हा लाल ७२९ आलं. पुन्हा लाटणं, पुन्हा "पाच मिनिटांत". या वेळी घाईत लाटणं पुसायचं राहिलं आणि नव्या चिकट रबरावर कणकेचं पीठ बसलं. ओल्या स्पंजाने दोनदा पुसलं तेव्हा कुठे बॉल लटकायला लागला.

परवा पुन्हा काका समोर होते. सामन्याआधी एकमेकांची बॅट बघायची पद्धत आहे. दोन बाजूंना दोन रंग असतात ते यासाठीच, कोणत्या बाजूने काय येणार हे समोरच्याला कळावं म्हणून. काळ्याच्या जोडीला पूर्वी लालच असे, २०२१ पासून निळा, हिरवा, गुलाबीही चालतो. काकांनी माझी बॅट हातात घेतली, दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "महागाचं कुठलं?"

"काळं," मी जरा अभिमानानेच म्हणालो.

"छान आहे," म्हणून त्यांनी बॅट परत दिली, आणि पुढचे तीनही गेम सगळ्या सर्व्हिस काळ्या बाजूवर टाकल्या.