साइट बघण्याआधी पगाराची स्लिप बघा

नाशिकमधल्या घराचा दर ठरवणारे वेगळे आणि त्या घराचा हप्ता भरणारे वेगळे. दर वर जातो तो मुंबई-ठाण्यातला फ्लॅट विकून गंगापूर रोडला ऐसपैस घर घेणाऱ्यांमुळे, द्राक्षाचा हंगाम साधला की शहरात एक फ्लॅट घेऊन ठेवणाऱ्यांमुळे, आणि समृद्धी महामार्ग व २०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून पैसे गुंतवणाऱ्यांमुळे. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि त्याचा नकाशा लगेच प्रत्येक ब्रोशरच्या मागच्या पानावर आला. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या ऑपरेटरचा पगार मात्र महामार्गाने वाढत नाही. हप्ता जातो तो त्याच पगारातून.

म्हणून हिशेब उलटा करायचा. आधी हप्ता, मग कर्ज, मग घराची किंमत आणि सगळ्यात शेवटी साइट. सॅम्पल फ्लॅट बघून आल्यावर मांडलेला हिशेब बहुतेक वेळा मनाला पटेल तसाच येतो.

एक उदाहरण घेऊ. नवरा अंबडच्या कारखान्यात, हातात ३०,००० रुपये. बायको दवाखान्यात रिसेप्शनला, १८,०००. घरात एकूण ४८,०००. अशा उत्पन्नावर सगळे हप्ते मिळून साधारण ४५ टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायला बँक तयार असते असे धरू, म्हणजे २१,६०० रुपये. त्यातून गाडीचा ३,६०० चा हप्ता वजा केला की घरासाठी १८,००० उरतात. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरली तर एक लाखाला महिन्याचा हप्ता ८६८ रुपये पडतो. १८,००० भागिले ८६८, म्हणजे कर्ज २०.७ लाख.

आता यातली एकेक गोष्ट हलवून बघा. गाडीचा ३,६०० चा हप्ता दिसायला किरकोळ, पण तो कर्जाची पात्रता तब्बल चार लाखांनी खाली आणतो. गाडीचे कर्ज वर्षभरात फिटणार असेल तर ते फेडून मगच अर्ज केलेला बरा. बायकोचा पगार रोखीत मिळत असेल तर बँकेच्या लेखी तो पगारच नाही. तेव्हा ३०,००० चे ४५ टक्के १३,५००, त्यातून गाडीचे गेले की ९,९००, आणि कर्ज ११.४ लाख. म्हणजे जवळजवळ निम्मे. पगार खात्यात जमा करून द्या, एवढे एक मालकाला सहा महिने-वर्षभर आधी सांगितले असते तर नऊ लाखांचा फरक पडला असता. नाशिकमध्ये दुकाने, क्लासेस, छोटे दवाखाने इथे काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत हे फार होते.

ठेकेदाराकडच्या कामगारांची अडचण निराळी. पगार खात्यात येतो, पण दर दोन वर्षांनी ठेकेदार बदलला की स्लिपवरचे नाव बदलते आणि नोकरी नवी दिसते. ओव्हरटाइम काही बँका निम्मा धरतात, काही धरतच नाहीत. मग कामगार बँक सोडून गृहवित्त कंपनीकडे वळतो आणि तिथला व्याजदर चढा असतो. १२ टक्के झाला तर लाखाला हप्ता १,१०१ रुपये, आणि त्याच १८,००० मध्ये कर्ज २०.७ ऐवजी १६.३ लाखच बसते. पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक) एकच ठेवून जुन्या ठेकेदारांकडची खाती त्यात जोडून घेतली असतील तर सलग नोकरीचा पुरावा तयार राहतो. कटकटीचे काम आहे, पण फुकट आहे.

मूळ उदाहरणाकडे परत येऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळू शकते; ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के. म्हणजे २०.७ लाखांच्या कर्जावर घर २३ लाखांचे. पण घराची किंमत १० लाखांच्या वर असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही, तो खिशातूनच जातो. स्वतःचे १० टक्के, २.३० लाख. मुद्रांक शुल्क स्थानिक संस्था करासह ६ टक्के, १.३८ लाख. नोंदणी फी १ टक्का, २३,००० (कमाल मर्यादा ३०,०००). बांधकाम चालू असेल तर जीएसटी १ टक्का, २३,०००. वीज मीटर, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, वकील, बँकेची फी हे सगळे मिळून सव्वा लाख धरा. बेरीज ५.३९ लाख. बहुतेकांचे घर हप्त्यावर अडत नाही, या साडेपाच लाखांवर अडते. मग तेवढ्यासाठी पतसंस्थेचे किंवा सोन्यावरचे कर्ज काढतात आणि ४५ टक्क्यांचा हिशेब पहिल्याच महिन्यात कोलमडतो.

घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. इथे २३,००० वाचतात, म्हणजे नोंदणी फी सुटली. नवऱ्याचे नाव मालक म्हणून जोडले की सवलत गेली. तो सहकर्जदार राहिला तर चालते. कर्जात नाव असणे आणि खरेदीत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नोंदणीच्या दिवशी नव्हे, बँकेत अर्ज भरतानाच सांगायचे.

आता २३ लाखांत येते काय? समजा दलालाने दर चौरस फुटाला ४,००० सांगितला. पहिला प्रश्न विचारायचा: कार्पेटवर (घराच्या आतले वापरायचे क्षेत्र) की सेलेबलवर (जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा धरून फुगवलेले क्षेत्र)? रेरा हा घरबांधणी प्रकल्पांचा कायदा येऊन इतकी वर्षे झाली, करारात कार्पेटच लिहावे लागते, तरी तोंडी व्यवहार अजून सेलेबलवरच चालतो. ४,००० च्या दराने २३ लाखांत ५७५ चौरस फूट सेलेबल. त्यात कार्पेटवर चढवलेली वाढ, म्हणजे लोडिंग, ४० टक्के असेल तर कार्पेट ४१० फूट, म्हणजे वन बीएचके. कार्पेटवरचा खरा दर ५,६०० पडला. दोन प्रकल्पांची तुलना करताना दोन्हींचे कार्पेट महारेराच्या संकेतस्थळावरून घ्या आणि एकूण किमतीला त्याने भागा. ‘आमचा दर शेजाऱ्यापेक्षा तीनशेने कमी’ यातले बरेचसे तीनशे तिथेच विरघळतात.

थोडे वरच्या पगारवाल्यांसाठी ४५ लाखांची रेषा फार महत्त्वाची. नाशिक महानगरांच्या यादीत नसल्यामुळे इथे ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (साधारण ९६८ चौरस फूट) आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी १ टक्का, त्यापुढे ५ टक्के. ४४.५ लाखांच्या फ्लॅटवर ४४,५००. ४६ लाखांच्या फ्लॅटवर २,३०,०००. किमतीतला फरक दीड लाखाचा, खिशातला ३.३५ लाखांचा. गंमत अशी की फ्लॅटची किंमत ४४ लाख सांगतात आणि पार्किंग, क्लब हाउस, डेव्हलपमेंट चार्जेस वेगळे लावतात. ते सगळे बिल्डरलाच जाणार असतील तर ४५ लाख मोजताना ते धरले जातात आणि ५ टक्के बसतात. बरे, उघड्या जागेतले पार्किंग विकताच येत नाही. तसे पैसे मागितले तर ते लेखी मागा, विषय बहुधा तिथेच संपतो. भोगवटा दाखला मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही.

कमी उत्पन्नाच्या बाजूला दुसरी रेषा ३५ लाखांची. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० च्या व्याज अनुदानासाठी घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत लागते. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. आपल्या उदाहरणातले जोडपे यात बसते. अडते कुठे, तर गावाकडच्या घरात. कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे अशी अट आहे, आणि येवल्याच्या किंवा कळवणच्या घराच्या ग्रामपंचायत उताऱ्यावर वाटणीनंतर आपलेही नाव लागलेले आहे हे अनेकांना अर्ज केल्यावरच कळते. शिवाय हे पैसे नंतर येतात. सुरुवातीच्या साडेपाच लाखांना त्यांचा उपयोग नाही. बिल्डरच्या ऑफिसातल्या हिशेबाच्या कागदावर ते आधीच वजा केलेले दिसले तर खोडून टाका.

तोच कागद बहुधा इन्कम टॅक्सची बचतही दाखवतो. नव्या कररचनेत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर पडत नाही. ४८,००० वाल्या घरात वाचवायला टॅक्स आहेच कुठे?

४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पांत २० टक्के घरे अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात, आणि ती म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या सोडतीतून मिळतात. बाजारभावापेक्षा खूपच स्वस्त. लग्न झालेले असेल तर नवरा-बायको दोघांचे उत्पन्न एकत्र धरतात, त्यामुळे एकाच्या स्लिपवर गट निवडून अर्ज करू नका, पडताळणीत बाद होतो. नंबर लागला तरी पैसे भरायची मुदत आखडती असते. बँकेशी बोलणे सोडतीच्या आधी झालेले असावे.

स्वस्त म्हणून जुन्या घरांकडे वळणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. सिडकोतली मूळ घरे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली आहेत; हस्तांतरणाची कागदपत्रे प्रत्येक खरेदी-विक्रीत झाली आहेत का, ही साखळी तपासा. शिवाय मूळ घर एवढेसे आणि वर चढवलेले दोन मजले विनापरवाना, असे असले तर बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशापुरतीच किंमत धरतो. मालक तीन मजल्यांचे पैसे मागतो, कर्ज एका मजल्याचे मिळते. गोदावरी आणि नासर्डीच्या काठाला दर अचानक उतरलेला दिसला तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघा. २००८ च्या सप्टेंबरमध्ये आणि २०१६, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आले होते ते शेजारचा किराणा दुकानदारही सांगेल. गुंठेवारीच्या (शेतजमिनीचे गुंठ्यांनी पाडलेल्या) तुकड्यावर साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर घेतलेली जागा सातबाऱ्यावर नाव लावून देत नाही, आणि बँक त्यावर कर्जही देत नाही.

नव्या इमारतीत बुकिंग करताना नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा लांबला तर भाडे आणि बँकेचे व्याज दोन्ही चालू राहतात. आपल्या उदाहरणात ८,००० भाडे धरले तर वर्षाला ९६,००० होतात. घरपट्टीचा अंदाज जुन्या शेजाऱ्याच्या पावतीवरून घेऊ नका. महापालिकेने २०१८ मध्ये नव्या मिळकतींचे दर बरेच वाढवले, त्यामुळे एकाच गल्लीत जुन्या आणि नव्या फ्लॅटची घरपट्टी वेगळी असते.

शेवटचा मुद्दा व्याजदराचा. २०२१ मध्ये ६.७ टक्क्यांनी २० लाख घेतलेल्यांचा हप्ता १५,१४८ होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, अडीच टक्क्यांनी वाढला. ९.२ टक्क्यांनी २० लाखांचे महिन्याचे व्याजच १५,३३३ होते, हप्त्यापेक्षा जास्त. मुद्दल फारसे उतरलेले नसेल तर हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवायची सोयसुद्धा मग जवळपास उरत नाही. दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची, हा पर्याय कर्जदाराला द्या, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितले आहे. बँकेचा मेसेज आला की शाखेत जाऊन लेखी निवड द्या, आणि कर्ज काढतानाच १८,००० ऐवजी १६,००० च्या हप्त्यावर हिशेब बांधा. कर्ज १८.४ लाखांवर येते, घर साधारण साडेवीस लाखांचे. गंगापूर रोड विसरा. म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी फाट्याच्या पलीकडे शोधा, आणि बघायला जाताना पाणी महापालिकेच्या नळाचे की टँकरचे, हे सोसायटीच्या वॉचमनला विचारा.